कुडातली फट

पौषातल्या एका दुपारी चंद्रभागा परसदारी उन्हाला केस सोडून बसली होती. फणीत काय येतं ते बघायचंच नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण असलं ठरवून काही होत नसतं. फणी डोक्यातून निघाली की डोळे तिच्याकडे वळायचेच. आजही मूठभर केस आले. कार्तिकात भात झोडून कणगीत पडतंय तोच तिला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना डोक्यावरचं अर्धं पीक कापून घेऊन गेला.

तिनं केसांची गुंडाळी केली, रीतीप्रमाणे तिच्यावर थुंकली आणि मागच्या कुडाच्या फटीत खोचून दिली. कूड कारवीचा, वरून शेणामातीनं लिंपलेला. बाईमाणसाचे विंचरलेले केस वाऱ्यावर सोडायचे नाहीत, ही त्या बाजूची जुनी रीत. ते कुणाच्या हाती लागले तर काय होईल सांगता येत नाही, म्हणून ते घरातच ठेवायचे. प्रत्येक बाईची कुडात आपली एक फट. नवी सून आली की सासू तिला चूल दाखवते, देव दाखवते, पाण्याची वाट दाखवते, आणि शेवटी परसदारी नेऊन तिची फट दाखवते. बाई मेली की तिच्या फटीतले केस उकरून तिच्याबरोबर सरणावर द्यायचे आणि फट लिंपून टाकायची.

चंद्रभागेला कुणी फट दाखवली नव्हती. ती या घरात आली तेव्हा सासू तिच्याशी धड बोलतही नव्हती. मग कुडात जी फट दिसली तिच्यात ती केस खोचू लागली. त्यात काय एवढा विचार करायचा, असं तिला वाटलं. दमलेलं माणूस फार विचार करीत नाही.

आणि चंद्रभागा दमलेली होती. एक दमणं असतं ते झोपलं की जातं. हिचं दमणं झोपेतही उशाशी बसून राहायचं आणि पहाटे तिच्याआधी उठायचं. कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी मोजक्या घरांची ती वाडी. नवरा मुरारी मुंबईला गिरणीत. तो गणपतीला आणि शिमग्याला उगवायचा, पाहुण्यासारखा ताटावर बसायचा आणि बोचकं उचलून पोलादपूरची वाट धरायचा. मागं शेत हिचं, गोठा हिचा, डोंगरातून लाकडं आणि झऱ्यावरून पाणी आणणं हिचं. कुणीही हाक मारली की तिच्या तोंडून एकच उत्तर निघे, "आले गो, जरा दम खाते." वाडीतल्या बायका त्यावरून तिची चेष्टा करीत. चंद्रभागा येण्याआधी तिचा दम येतो म्हणत, आणि हसत. तीही हसे, कारण रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो.

घरात दुसरं माणूस म्हणजे सासू, बनुबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. उजेड आणि सावली, एवढंच तिला उमगे. दिवसभर ती ओटीवर बसे आणि हातानं आजूबाजूचं चाचपत राही. तहान लागली की हाक मारी, "तुळसा, पानी दे गो."

तुळसा म्हणजे मुरारीची पहिली बायको. ती मेली त्याला दोन पावसाळे झाले होते. पाणी घेऊन चंद्रभागा जाई, "हे घ्या आत्याबाय" म्हणे, आणि आवाज ओळखून म्हातारीचा चेहरा उतरे. ती पाणी पिई आणि तोंड फिरवी. तिच्या तोंडून चंद्रभागेचं नाव कधी निघालं नव्हतं. माहेर दूर, सव या गावी. नवरा बोलावताना नुसतं "अगं" म्हणे. त्या सगळ्या वाडीत तिला नावानं हाक मारणारी एकच बाई होती, भावकीतली थोरली जाऊ राहीबाई. त्या घरात आपल्याला कुणीतरी आपलं म्हणावं, जवळ बसवून डोक्यावरून हात फिरवावा, एवढीच चंद्रभागेची आस होती. तेवढी एक गोष्ट मिळाली असती तर तिनं आणखी दहा वर्षं कुरकुर न करता ओढली असती.

एक गोष्ट मात्र तिला कधीकधी खटके. म्हातारी "तुळसा" म्हणून हाक मारी, आणि चंद्रभागा गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत मध्ये जो क्षण जाई, त्या क्षणात मागच्या कुडात काहीतरी बारीक वाजे. कुणीतरी लांबून, तोंड मिटूनच ओ द्यावी तसं. पाल चुकचुकली असेल, असं ती स्वतःला सांगे.

शिमगा जवळ येत चालला तसा तिला केसांचा घोर लागला. मुरारी येणार, आणि आपल्या डोक्यावर हा असला उंदराच्या शेपटीएवढा अंबाडा. तिनं पऱ्याच्या, ओढ्याच्या काठचा माका आणून तेलात उकळला, जास्वंदीचा पाला वाटून लावला, शिकेकाई सोडून नुसत्या कोमट पाण्यानं नाहून बघितलं. केसांनी काही मनावर घेतलं नाही. शेवटी ती राहीबाईकडे गेली.

राहीबाई म्हणाली, रडतेस कशाला, गळले ते काही वाऱ्यावर गेले नाहीत. फटीत आहेत ना, ते घेऊन ये, मी तुला गंगावन करून देते. केस धुऊन, सरळ करून, काळ्या दोऱ्यानं बांधून ती असे शेपटे बनवी, आणि आपल्या केसांत ते गुंफले की कुणाला कळत नसे. चंद्रभागेला हे पटलं. केस आपलेच, आपल्याच डोक्यावर परत जाणार.

तिनं घरी येऊन फटीत बोटं घातली. वरच्या गुंडाळ्या चटकन निघाल्या. मग बोट आणखी आत गेलं आणि आणखी केस लागले. ती ओढत राहिली आणि ते येत राहिले. आतल्या केसांना ओल होती. माघाच्या कोरड्या हवेत, चुलीमागच्या धुरकट कुडात ओल कुठून आली, हे तिला कळेना. वासही होता, पावसाळ्यात खाचरातून येतो तसला, चिखलाचा आणि कुजल्या पेंढ्याचा. पण पदर भरून केस मिळाले याचाच तिला आनंद झाला.

राहीबाईनं केस उन्हात पसरले आणि जरा वेळ बघत राहिली. वरचे पिंगट होते, चंद्रभागेचे. सवच्या ऊन झऱ्यात डोकी बुडवून बुडवून तुमच्या पोरी तांबड्या होतात, असं राहीबाई तिला नेहमी चिडवी. पण आतले केस काळेभोर होते, जाड आणि कितीतरी लांब.

"तापाआधी तुझे असले काळे व्हते काय गो?" तिनं विचारलं.

"असतील," चंद्रभागा म्हणाली. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. आपले केस तापाआधी कसे होते, हे तिला खरोखरच आठवेना.

गंगावन फार सुरेख झालं. केसांत गुंफून त्याचा अंबाडा घातला तेव्हा मानेला एकदम भार जाणवला. आरशाच्या तुकड्यात तिनं स्वतःला बघितलं आणि तिला लाज वाटली, इतकी ती चांगली दिसत होती.

त्याच दुपारी म्हातारीनं हाक मारली आणि चंद्रभागा पाणी घेऊन ओटीवर गेली. तांब्या ठेवायला वाकली तशी बनुबाईची चाचपणारी बोटं तिच्या अंबाड्याला लागली आणि तिथंच थांबली. मग दोन्ही हात आले. त्या हातांनी अंबाडा सोडला, केस पाठीवर पसरले आणि ते वरपासून खालपर्यंत हळूहळू, जपून चाचपले.

"आलीस गो माझी बाय," म्हातारी म्हणाली. "किती दिस लावलंस. बस. केस बघ कसं कोरडं पडलंत."

चंद्रभागेनं तोंड उघडलं होतं. मी चंद्रभागा, असं म्हणायचं होतं. पण म्हातारीची बोटं तिच्या डोक्यातून फिरत होती, कानामागून, मानेच्या खळगीतून, आणि असा हात तिच्या डोक्यावरून तिची आई गेल्यापासून कुणाचा फिरला नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती आतून तेलाची वाटी घेऊन आली आणि म्हातारीच्या पुढ्यात पाठ करून बसली.

त्या दिवसापासून रोज दुपारी तेच. बनुबाई तेल लावी, फणी फिरवी, भांग पाडी आणि बोलत राही. ती बोले ते सगळं तुळसाशी. तुझ्यामागं त्यानं दुसरी आणली, सांगे. सवची आहे, येता-जाता नुसता दम खाते. चंद्रभागा ऐकून घेई. स्वतःविषयीच्या तक्रारी तुळसा होऊन ऐकताना तिला चमत्कारिक वाटे, पण बोटं डोक्यातून फिरत असत, आणि त्या बोटांसाठी तिनं याहून वाईट ऐकून घेतलं असतं.

मग दुसरी गोष्ट सुरू झाली. एका सकाळी ती उठली तर गोठा झाडलेला, शेण काढलेलं, पाण्याचे हंडे भरलेले. राहीबाईनं केलं असेल म्हणून तिनं विचारलं, तर राहीबाई म्हणाली, मला माझं होत नाही, तुझं कुठून करू. दुसऱ्या दिवशी तेच. खाचरात राब भाजायला डोंगरातून पाल्याचे भारे आणायचे असत, ते काम नुसतं आठवलं तरी तिच्या मांड्या भरून येत. ती भारे आणायला म्हणून निघे आणि एकदम भानावर येई तेव्हा भारे खाचरात रचलेले असत, ऊन कललेलं असे, आणि मधली दुपार कुठं गेली ते तिला सांगता येत नसे. तापानंतर माणसाचं डोकं असं होतं, असं तिनं ठरवलं. तिला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. अंगातला ठणका कमी झाला होता. दिवसाचा अर्धा भार कुणीतरी उचलत होतं, आणि ज्याची पाठ मोडलेली आहे तो भार उचलणाऱ्याचं नाव-गाव विचारत बसत नाही.

फक्त काही गोष्टी हरवत होत्या. सवच्या झऱ्याच्या पाण्याला गंधकाचा वास येतो, तो तिला डोळे मिटले की हटकून येई. तो आता आठवेनासा झाला. आई जात्यावर बसली की म्हणे त्या ओव्या गेल्या. एकदा राहीबाई वाटेवरून चंद्रभागे, चंद्रभागे म्हणून हाका मारीत आली, आणि ही अंगणात शेण थापत होती ती मान वर न करता थापतच राहिली. राहीबाईनं खांद्याला धरून हलवलं तेव्हा ती दचकली.

"कुनाला बोलावतेस बाय?" तिनं विचारलं.

राहीबाईला ते आवडलं नाही. ती दोन-चार दिवस नजर ठेवून होती. मग एका सकाळी बांधावरचं वाळलं गवत कापायला दोघी बरोबर गेल्या, आणि थोड्या वेळानं राहीबाईचा हात थांबला. चंद्रभागा पुढं पुढं चालली होती, झपाझपा, गवताची मूठ उजव्या हातात आणि विळा डाव्या हातात.

"हा विळा कुठं गावला तुला?"

चंद्रभागेनं हाताकडे बघितलं. विळा घासून लख्ख केलेला होता. कुठं मिळाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. माळ्यावरच्या अडगळीतला असेल, एवढंच तिला वाटलं.

राहीबाई बांधावर बसली. तिनं हिलाही बसवलं आणि सांगितलं. तुळसा डावरी होती. जेवायचा तेवढा घास उजव्या हातानं, बाकी सगळं डाव्यानं. घरातले विळे तिच्या हाताला येत नसत, म्हणून बनुबाईनं पोलादपूरच्या लोहाराकडून सुनेच्या हाताचा विळा करून घेतला होता, त्याचे दाते उलट्या अंगाला. उजव्या हातात धरला तर तो गवत कापत नाही, नुसता ओढतो. तुळसा गेल्यावर तो कुणाच्याच कामाचा नव्हता, म्हणून माळ्यावर गेला. बाई कामाला वाघीण, पण तीही शेवटी माणूसच. श्रावणात, लावणी लांबलेली, मुरारी मुंबईला, एकटीनं खाचरं लावता लावता ती चिखलात बसली. जरा बसते म्हणाली, आणि उठली नाही. अर्धी खाचरं तशीच राहिली.

राहीबाईनं मग आवाज खाली आणला. "ते केस तू कुठल्या फटीतनं काढलंस?"

"मागच्या कुडातल्या. आत्याबायची सोडली तं एकच फट हाय."

राहीबाईनं आपला विळा बाजूला ठेवला आणि सांगितलं. तुळसाला नेलं तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता, नदीचं पाणी वर चढत होतं, लाकडं पेटत नव्हती. पुरुषांनी घाई केली. बायका रडण्यात. फट उकरायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आणि चंद्रभागेनं त्याच फटीत आल्या दिवसापासून आपले केस घातले होते, तिच्या केसांवर आपले, रोज.

"आजच्या आज काड ते डोक्यावरनं," राहीबाई म्हणाली. "फटीत कायेक ऱ्हायलं असेल तं ते पन काड. नदीला सोडून येऊ."

चंद्रभागेनं मान हलवली. काढते म्हणाली. पण घरी येईतो दुपार झाली, आणि ओटीवर बनुबाई तेलाची वाटी मांडीवर घेऊन वाट बघत बसली होती. आजचा दिवस राहू दे, असं चंद्रभागेच्या मनात आलं. उद्या काढू. एकदा काढलं की हा हात पुन्हा फिरायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. ती म्हातारीपुढं पाठ करून बसली आणि तिनं डोळे मिटले. तिची चूक झाली असेल तर ती एवढीच झाली.

दुसऱ्या दिवशीही उद्यावर गेलं. त्याच्या पुढच्याही. होळीची लाकडं तोडायला वाडीतले सगळे पुरुष डोंगरात गेले, बायका नदीवर धुणं घेऊन गेल्या, आणि वाडी ओस पडली. मुरारी कालच मुंबईहून निघाल्याची खबर कशेडी घाटाकडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आणली होती. आता मात्र टाळून चालणार नव्हतं. चंद्रभागा परसदारी बसली, अंबाडा सोडला आणि गंगावनाची गाठ शोधू लागली.

गाठ सापडेना. तिनं बोटांनी मुळाशी चाचपलं. काळा दोरा कुठंच नव्हता. तिनं एक बट धरून ओढली आणि डोक्याच्या कातडीतून कळ गेली. दुसरी ओढली... तीही दुखली. सगळेच केस आतून आलेले होते. कुठले आपले आणि कुठले बांधलेले, हे बोटांना कळत नव्हतं. केस ओले होते. तिनं तर आज डोकं धुतलं नव्हतं. बोटं नाकाशी नेली आणि तिला चिखलाचा वास आला.

भर दुपारची वेळ, वर लख्ख ऊन, लांब डोंगरात कुऱ्हाडींचे आवाज, आणि ती त्या उन्हात पुन्हा पुन्हा तीच गाठ शोधत होती. आता एकच उरलं होतं. सवाष्णीनं केसांना लोखंड लावायचं नाही म्हणतात. नवरा येणार, तो काय म्हणेल, वाडी काय म्हणेल... म्हणू दे. देवीला दिले म्हणून सांगू, उवा झाल्या म्हणून सांगू. केस काय, पुन्हा येतील. पण आणखी एक दुपार गेली तर आपण उरणार नाही, हे तिला आता स्वच्छ कळलं होतं.

ती आत गेली, विळा घेऊन आली. आरशाचा तुकडा मेढीच्या खांबाला टेकवला. सगळे केस एका मुठीत धरले, मानेशी पिळले, डोळे गच्च मिटले आणि विळा लावून ओढला.

तिला वाटलं होतं, दुखेल, गुंतेल, पुन्हा पुन्हा ओढावं लागेल. तसं काही झालं नाही. एकाच ओढीला शेपटा कापून हातात आला. मग तिनं कानावरचे कापले, कपाळावरचे कापले, जे हाताला लागलं ते कापत गेली. काम इतकं सहज होत होतं की तिला थांबावंसं वाटेना. शेवटी डोकं हलकं झालं. मानेवरचा भार उतरला. तिनं डोळे उघडले आणि कितीतरी महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला. दमणूक गेली होती, पार गेली होती. अंगात नवा जोर आल्यासारखं वाटलं.

मग तिनं मांडीवर बघितलं.

कापलेले केस पिंगट होते. विरळ, कोरडे, तापानं टोकं राखेच्या रंगाची झालेले. पदरभर तेच. त्यात एकही काळा केस नव्हता.

तिनं डोक्याला हात लावला. डोक्यावर बोटभर केस उरले होते, दाट आणि जाड, तळव्याला टोचणारे. मेढीला टेकवलेल्या तुकड्यात बघितलं तर ते काळेभोर दिसले. विळा अजून हातात होता. तो हात डावा होता.

तिनं आपलं नाव घेऊन बघायचं ठरवलं. नुसतं तोंडातल्या तोंडात. ओठ हलले... जीभ टाळ्याला लागली... आणि तिथंच राहिली. काय नाव घ्यायचं होतं, ते तिला सापडेना. कसलं तरी लांबलचक नाव होतं, नदीचं. कुणाचं बरं?

दारात पावलं घासली. बनुबाई कूड चाचपत चाचपत बाहेर आली. कितीतरी दिवसांत ती ओटी सोडून इथवर आली नव्हती. तिनं हात पुढं केला, बसलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवला आणि त्या बोटभर केसांवरून फिरवला. तिचा सुरकुतलेला चेहरा निवळला.

"गेली का गो ती?" तिनं हळूच विचारलं.

"कोन, आत्याबाय?"

"ती... दमलेली."

परसदारची बाई क्षणभर मांडीवरच्या केसांकडे बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली. "गेली."

"बरं झालं. लई दमली व्हती बिचारी," म्हातारी म्हणाली आणि कुडाला टेकून खाली बसली.

केस उघड्यावर ठेवायचे नसतात. बाईनं ते नीट गोळा केले, डाव्या हातानं गुंडाळले, त्यांच्यावर थुंकली आणि कुडातल्या फटीत बोटानं आत, अगदी आत खोचून दिले. मग गोठ्यात जाऊन शेण आणलं आणि फट वरून लिंपून टाकली. हात धुतले. कामं पडली होती. ती झाडू घेऊन अंगण झाडायला लागली, भराभरा, न थांबता.

थोड्या वेळानं राहीबाई नदीवरून परत आली. ओल्या धुण्याची पाटी डोक्यावर, तशीच ती कुंपणाच्या बेड्यापाशी थांबली. अंगणातल्या बाईची पाठ तिच्याकडे होती. बोडकं झालेलं डोकं बघून राहीबाईनं पाटी सावरली, आणि मग तिला वाटलं, बरं केलं पोरीनं, कापून टाकले ते बरंच झालं. शिमगा गेला की येतील पुन्हा. तिनं हाक मारली.

"चंद्रभागे..."

झाडणारी बाई झाडतच राहिली. झाडू तिच्या डाव्या हातात होता.

"चंद्रभागे गो," राहीबाईनं पुन्हा म्हटलं. आवाज निम्म्यावर आला होता.

ओल्या शेणानं लिंपलेल्या त्या मागच्या कुडातून उत्तर आलं. बारीक, लांबून, तोंडावर हात ठेवल्यासारखं, पण आवाज राहीबाईच्या रोजच्या ओळखीचा.

"आले गो... जरा दम खाते."